ब्रायटन की चेल्सी: शहाणा व्यवहार कुणाचा?

खेळाडू विकला गेला तरी ब्रायटन या इंग्लिश फुटबॉल क्लबचा चाहता फार हळहळत नाही. मिडफिल्डर कैसेदोला 2021 मध्ये सुमारे 45 लाख पौंडांत आणलं आणि 2023 मध्ये विकताना सौदा 11.5 कोटींपर्यंत पोचला. घेणारा कोण? लंडनचा बडा क्लब चेल्सीच! बचावपटू कुकुरेयाही वर्षभर आधी त्याच वाटेने गेलेला. अध्यक्ष टोनी ब्लूम स्वतः या क्लबचे जुने चाहते, पण आकडेमोड थंड डोक्याची.

चेल्सीने मिडफिल्डर एन्झो फर्नांडेससाठी 10 कोटींहून जास्त पौंड मोजले. त्या 2022-23 च्या हंगामात इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये चेल्सी बारावी, ब्रायटन सहावं. अर्थात चेल्सीच्या कपाटात चॅम्पियन्स लीगचे, म्हणजे युरोपातल्या सर्वात मोठ्या क्लब स्पर्धेचे, दोन करंडक आहेत, ब्रायटनकडे मोठा करंडक एकही नाही. तरी कारभाराचा अभिमान मिरवायचा हक्क, माझ्या मते, ब्रायटनवाल्यांचाच.