टॅक्सवाल्या मॅडमकडं काम दिल्यानंतरचा अनुभव: रिटर्न सगळेच भरतात हो, कळवतं कोण?

आमचं संगमनेरला ठिबक आणि पाईपचं दुकान आहे. हे, म्हणजे माझे मिस्टर, गिऱ्हाईक आणि माल बघतात, बिलं आणि बँक माझ्याकडं. उलाढाल दोन कोटीच्या आतली, त्यामुळं जीएसटी तिमाही, म्हणजे ते क्यूआरएमपी की काय म्हणतात त्यात, आणि इन्कम टॅक्स ४४एडी खाली, म्हणजे उलाढालीवर अंदाजे नफा धरून. जून २०२५ पासून टॅक्सचं सगळं काम इथल्याच एका मॅडमकडं दिलंय. नाव टाकत नाही कारण त्या स्वतःच म्हणाल्या की आता नवीन कामं घ्यायची नाहीत, उगाच फोन नकोत. पण बऱ्याच जणांनी विचारलं कसं वाटतंय म्हणून सविस्तर लिहितेय, म्हणजे तुम्ही ज्यांच्याकडं जाल त्यांच्याकडून काय मागायचं ते कळेल.

आधीचे जे होते त्यांचंही नाव घेणार नाही. माणूस वाईट नव्हता, गोड बोलायचे, घरच्या कार्याला यायचे. पण काहीही विचारलं की उत्तर एकच, "वहिनी, झालंय, टेन्शन घेऊ नका." टॅक्सचे पैसे आम्ही त्यांच्या नंबरवर गुगल पे करायचो आणि ते पुढं सरकारला भरायचे. चलन मागितलं की "पाठवतो", मग महिनाभर काही नाही. शेवटी एका डाळिंबवाल्या गिऱ्हाईकाच्या मुलानं दुकानातच मोबाईलवर दाखवलं की जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता सुद्धा 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये कोणाचाही जीएसटी नंबर टाकता येतो, कॅप्चा टाकायचा, खाली 'फायलिंग टेबल' दाबायचं की कुठलं रिटर्न कोणत्या तारखेला भरलंय ते सगळं समोर येतं. आमचा नंबर टाकला. जे "झालंय" म्हणून सांगितलेलं ते पुढच्या महिन्यात झालेलं होतं, आणि एकदा नाही. थ्रीबी, म्हणजे टॅक्स भरायचं जीएसटीचं रिटर्न, उशिरा गेलं की दिवसाला ५० रुपये लेट फी, २५ केंद्राचे २५ राज्याचे, वर टॅक्सवर १८ टक्क्यांनी व्याज, आणि ती लेट फी पुढच्या रिटर्नमध्ये गुपचूप चिकटून येते, त्यामुळं आम्हाला वाटायचं टॅक्सच वाढला.

तर आता मॅडम.

पहिल्या दिवशी त्यांनी बिलं वगैरे काही बघितलंच नाही. लॉगिन उघडलं आणि म्हणाल्या, मोबाईल आणि ईमेल कोणाचा टाकलाय बघा. दोन्ही आधीच्या माणसाचे! म्हणजे पोर्टलवरून येणारा प्रत्येक मेसेज, प्रत्येक ओटीपी, उद्या नोटीस आली तर तीही, सगळं त्यांच्याकडं जाणार आणि ते सांगतील तेव्हा आम्हाला कळणार. मॅडम म्हणाल्या, हे बदलल्याशिवाय मी काम घेत नाही. पासवर्ड आमच्याकडं होता म्हणून पोर्टलवरूनच ह्यांचा नंबर आणि माझा ईमेल टाकून झालं, ऑथराइज्ड सिग्नेटरीच्या माहितीत बदल करायचा असतो, ओटीपी येतो. पासवर्ड नसता तर कागदपत्रं घेऊन जीएसटी ऑफिसला जावं लागलं असतं. तुम्ही कोणाकडंही काम द्या, पण हे एवढं आजच्या आज तपासा, खरंच. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर पण.

दुसरी गोष्ट, टॅक्सचा एक रुपया त्या स्वतःच्या हातात घेत नाहीत. त्यांची फी वेगळी. सरकारचे पैसे आम्ही आमच्या खात्यातूनच भरायचे, त्या फक्त चलन तयार करून देतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आमचा वेगळा ग्रुप आहे, मी, हे, मॅडम आणि त्यांच्याकडचा मुलगा. मेसेज असा येतो की सीजीएसटी इतके, एसजीएसटी इतके, एकूण इतके, शेवटची तारीख ही, चलन पंधरा दिवस चालतं पण तेवढं थांबू नका. भरलं की मी यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार नंबर, टाकते, मग त्यांच्याकडून भरलेल्या चलनाची पीडीएफ येते, आणि रिटर्न गेलं की एआरएन, म्हणजे पोचपावतीचा नंबर, असलेली पीडीएफ. शिवाय एक गुगल शीट आहे त्यात महिना, काय भरलं, किती, कधी, एआरएन, सगळं एका ओळीत. सुरुवातीला मला वाटलं एवढं कशाला. पण बँकेनं सीसीच्या (कॅश क्रेडिट कर्जाच्या) रिन्यूअलला वर्षभराची रिटर्नं मागितली तेव्हा मी शीट उघडून दुपारच्या जेवणाआधी सगळं पाठवलं, आधी ह्याच कामाला आठवडा गेला असता आणि चार वेळा हात जोडायला लागले असते.

पण ज्याच्यासाठी मी हे एवढं लांबलचक लिहितेय ते सप्टेंबर ते नोव्हेंबरचं प्रकरण. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले ना, बहुतेक मालावरचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, तेव्हा आमच्याकडं नुसता गोंधळ. ठिबक १२ वरून ५ वर. शेतकरी पेपरात वाचून आलेले, जाहीर झाल्यापासून प्रत्येक जण "२२ नंतरच घेतो" म्हणणार, आणि निम्म्यांना वाटत होतं पाईप आणि मोटारही ५ नी मिळणार. मॅडमनी आम्ही विकतो तेवढ्याच मालाची यादी करून पाठवली, अख्खं सरकारी पत्रक नाही. ठिबक, लॅटरल, स्प्रिंकलर, फवारणी पंप ५. पीव्हीसी पाईप १८ तसाच. पाण्याची मोटार १८ तशीच. खाली मोठ्या अक्षरात, जुन्या मालावर १२ नी दिलेल्या टॅक्सचं क्रेडिट (खरेदीवर दिलेला टॅक्स विक्रीच्या टॅक्समधून वजा होतो तो) वाया जात नाही, पण विकताना बिल ५ नीच करायचं. मी ती यादी प्रिंट काढून काऊंटरवर चिकटवली, निम्मी भांडणं तिथंच मिटली.

मग दिवाळी. जुलै ते सप्टेंबरच्या थ्रीबीची आमची तारीख २२ ऑक्टोबर, म्हणजे बरोबर पाडव्याला! मॅडमनी सप्टेंबर संपायच्या आधीच सांगून ठेवलं की बिलं पाच तारखेपर्यंत द्या, दिवाळीत मी लॅपटॉप उघडणार नाही. त्यात तेव्हापासून थ्रीबीमध्ये विक्रीचा आकडा हातानं बदलता येत नाही, जीएसटीआर-१ ह्या विक्रीच्या रिटर्नमधून जो येईल तो लॉक, चुकला असेल तर आधी १ए ह्या दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये दुरुस्त करायचा, त्यामुळं त्यांनी प्रत्येक बिल दोनदा तपासायला लावलं, मला वैतागच आला होता. पण आमचं सगळं दिवाळीच्या आधीच भरून झालं, आणि मग सरकारनं अगदी दिवाळीच्या तोंडावर मुदत २५ पर्यंत वाढवली. तेव्हाही मेसेज आला, "मुदत वाढली असं ऐकाल, आपलं झालेलं आहे, काही करायचं नाही." हे असं कोण सांगतं हो?

आणि ऑक्टोबरचं चलन. तिमाहीवाल्यांना पहिल्या दोन महिन्यांचा टॅक्स पुढच्या महिन्याच्या २५ पर्यंत पीएमटी-०६ ह्या चलनानं भरायचा असतो. त्यात एक सोपा रस्ता असतो, मागच्या तिमाहीत रोख जेवढा भरला त्याच्या ३५ टक्क्यांचं तयार चलन पोर्टलच काढून देतं. आधीचे डोळे झाकून तेच द्यायचे. ह्या वेळी मॅडमनी सांगितलं की ते भरू नका. कारण ऑक्टोबरात आम्ही पाईपांचा मोठा माल भरला होता १८ नी, आणि विकलं जास्त करून ठिबक, ते ५ नी, म्हणजे क्रेडिटच शिल्लक पडलेलं. ३५ टक्क्यांचं चलन भरलं असतं तर पैसे बुडाले नसते, लेजरमध्येच, म्हणजे पोर्टलवरच्या आमच्या खात्यातच, राहिले असते, पण ऐन रब्बीत जेव्हा कंपनीला अ‍ॅडव्हान्स द्यायचा असतो तेव्हा पन्नास-साठ हजार तिकडं अडकवून कोणाला परवडतंय. ग्रुपवर आलेला मेसेज अजून माझ्याकडं आहे, "ऑक्टोबर. भरायचे: शून्य. क्रेडिट पुरेसं आहे, फोटो खाली. २५ ला काही करू नका." खाली लेजरचा स्क्रीनशॉट, शिल्लक रकमेला लाल गोल. ह्यांनी तो मेसेज बघून मला विचारलं की शून्य असेल तर मेसेज कशाला. मी म्हणलं, शून्य आहे हे पण कोणीतरी सांगायला लागतं, नाहीतर आपण २४ तारखेला रात्री जागे.

इन्कम टॅक्सचंही तसंच. २०२५ मध्ये मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली, मग शेवटच्या क्षणी आणखी एक दिवस. आमचं ऑगस्टमध्येच गेलं. भरायच्या आधी हिशोबाचं एक पान आलं, त्यात व्याजाची ओळ बघून मी विचारलं हे काय, तर अ‍ॅडव्हान्स टॅक्स. ४४एडीवाल्यांना चार हप्ते नसतात पण १५ मार्चपर्यंत सगळा एकदम भरायचा असतो, आणि आधीच्या माणसानं हे आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं, दर वर्षी ते व्याज टॅक्समध्येच मिसळून यायचं. सेल्फ असेसमेंटचं चलन मी स्वतः ई-पे टॅक्समधून भरलं, असेसमेंट वर्ष २०२५-२६ निवडा, प्रकार ३०० निवडा, असे स्क्रीनशॉट आलेले, कारण वर्ष चुकीचं पडलं की पैसे सरकारकडं जातात पण आपल्या रिटर्नमध्ये दिसत नाहीत. आणि रिटर्न गेल्यावरही त्यांचा पिच्छा सुटला नाही, ३० दिवसांत ई-व्हेरिफाय केलं नाही तर उपयोग नाही म्हणून आधारचा ओटीपी टाकेपर्यंत रोज सकाळी मेसेज. व्यवसाय कराचे ते २,५०० रुपये असतात ना ३० जूनपर्यंतचे, ते पण काम घेतल्या घेतल्या आठवण करून भरायला लावले.

मार्च २०२६ चा हप्ता मात्र वेळेत गेला. ह्यांनी कुठंतरी ऐकलेलं की १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हणजे आपल्याला काहीच नाही. मॅडमनी फेब्रुवारीतच हिशोब करून दाखवला की गाळ्याचं येणारं भाडं धरलं तर आपण त्याच्या वर जातोय. त्या चलनाला प्रकार १००, असेसमेंट वर्ष २०२६-२७. एप्रिल २०२६ पासून नवीन इन्कम टॅक्स कायदा, त्यात 'टॅक्स इयर' असं एकच वर्ष, पण ह्या चलनाला जुन्या पद्धतीचं असेसमेंट वर्षच निवडायचं, हे पण ठळक करून लिहिलेलं.

आता ज्या गोष्टी पटल्या नाहीत त्या. एक म्हणजे व्हॉइस नोट. लिहिलेले मेसेज एकदम मुद्द्याचे, पण काही समजावायचं असलं की चार-चार मिनिटांचा ऑडिओ, तोही रात्री अकराला, आणि दुकानात गिऱ्हाईकासमोर ऐकायची सोय नाही. दुसरं, महिन्याच्या १८ ते २० ला फोन उचलतच नाहीत, मासिकवाल्यांची थ्रीबी २० ला असते म्हणून, पण आमच्यासारख्यांनी त्या दिवसांत काय करायचं? तिसरं जरा गंभीर. एकदा त्यांच्याकडच्या मुलानं दुसऱ्याच कोणाचं चलन आमच्या ग्रुपवर टाकलं. लगेच डिलीट केलं, मॅडमनी स्वतः फोन करून माफी मागितली, पण तोपर्यंत मी बघितलेलं होतं आणि ज्याचं होतं तो माणूस ओळखीचा निघाला. म्हणजे आमचंही असंच कुठं गेलं असेल तर? त्यानंतर पीडीएफला पासवर्ड टाकायला लागलेत, ते आधीच हवं होतं.

आणि बिलं उशिरा दिली की त्या ऐकून घेत नाहीत. "पाच तारखेनंतर आलेलं पुढच्या वेळी" म्हणजे पुढच्या वेळीच. मला चालतं, ह्यांना राग येतो.

पैशाचं म्हणाल तर आधीच्यापेक्षा महिन्याला पाचशे जास्त घेतात, नोटिशीचं उत्तर द्यायचं झालं तर त्याचे वेगळे. लेट फी आणि व्याज जे वाचलं त्यात ते कधीच निघालेत. पाचपैकी चार देईन, एक त्या चुकीच्या चलनाचा कापला. एप्रिलपासून फी वाढवणार आहे असं परवा म्हणाल्या, किती ते सांगितलं नाही. बाकी सगळं महिनाभर आधी कळवतात, तेवढं एकच राहिलंय.