अकरा महिने वेबसाइटवर संगीत लावून पाहिलं: समेवरची ती फट

काल सकाळी दुकान उघडायच्या आत मेसेज आला. वेबसाइटवर पार्श्वसंगीत वाजवणाऱ्या प्लगइनची (साइटला जोडायच्या तयार प्रोग्रामची) मुदत संपत आली आहे, ३,४९९ रुपये भरा. एक मठारलेला (हातोडीने ठोकून घडवलेला) तांब्याचा हंडा विकून हातात काय उरतं ते मला माहीत आहे, म्हणून पैसे भरायच्या आधी अकरा महिन्यांचा हिशेब मांडायला बसलो. प्लगइनचं नाव मुद्दाम लिहीत नाही. यातल्या बऱ्याच अडचणी कुठलंही घेतलंत तरी येणारच.

आमचं नाशिकच्या भांडी बाजारात तांब्या-पितळेचं दुकान आहे. समया, ताम्हणं, पळी-पंचपात्र, घागरी. २०१९ च्या पुरात बाजारात पाणी शिरलं, दुकान कित्येक दिवस बंद राहिलं, त्यानंतर भाच्याने वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर साइट करून दिली. फोटो छान आले, पण साइट मुकी वाटायची. गेल्या दसऱ्याच्या आधी संगीत लावायचं ठरवलं आणि हे प्लगइन घेतलं.

पहिल्या महिन्यात मी खूश होतो. प्लगइनच्याच साठ्यातली एक बासरी लावली. मी काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर साइट उघडली की बासरी आपोआप सुरू व्हायची. येणाऱ्या प्रत्येकाला मी ते दाखवत होतो.

दिवाळीनंतर पुण्याच्या एका ताईंचा समयांसाठी फोन आला. बोलता बोलता विचारलं, साइटवरचं संगीत कसं वाटलं? त्या म्हणाल्या, "कसलं संगीत? काहीच वाजलं नाही." ओळखीच्या सात-आठ जणांना फोनवर साइट उघडायला लावली. एकाकडेही वाजलं नाही. क्रोमने २०१८ पासून, ६६ व्या आवृत्तीपासून, नियमच केला आहे की माणसाने पानावर कुठे तरी बोट लावल्याशिवाय आवाज सुरू होऊ द्यायचा नाही. सफारीने त्याच्या आदल्या वर्षी हेच केलं, फायरफॉक्सने २०१९ मध्ये. मग माझ्याकडे कसं वाजत होतं? कॉम्प्युटरवरचं क्रोम हिशेब ठेवतं की तुम्ही कुठल्या साइटवर किती वेळा आवाज ऐकता, आणि तुमचं तिथे पुरेसं ऐकणं झालं की त्या साइटला आपोआप वाजवायची मुभा देतं. मी स्वतःच रोज वीस वेळा ऐकत होतो, म्हणून फक्त माझ्यापुरतं वाजत होतं! प्लगइनच्या जाहिरातीत मात्र 'पान उघडताच संगीत' असं ठळक लिहिलेलं होतं, आणि आजही आहे. हे मला फार लागलं. नियम ब्राउझरचा आहे, मान्य. पण तो विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो.

बासरीही काढावी लागली. तीच धून मला एका लॅबच्या साइटवर ऐकू आली. मेव्हणे म्हणाले, एखादा जुना अभंग टाका, तुकोबांच्या शब्दांवर कुणाचा हक्क? शब्दांवर नाही, पण ध्वनिमुद्रणावर असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षं संरक्षण आहे, आणि चालीवर संगीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतो. कुणाची तरी कॅसेट उतरवून धंद्याच्या साइटवर लावणं मला पटणारं नव्हतं. आमच्याच भजनी मंडळाचा पखवाज घ्यायचं ठरवलं. एकादशीचं भजन संपल्यावर देवळातले पंखे बंद केले. पखवाज वाजवणाऱ्या आप्पांनी डाव्या पुडीला (चामड्याच्या तोंडाला) ताजी कणीक लावली, दोन थापा मारून पाहिल्या, थोडी कणीक काढली, पुन्हा थाप मारली. मी टाळ धरला. भजनी ठेका, आठ मात्रा, शांत लयीत. फोन सतरंजीवर घडी केलेल्या उपरण्यावर ठेवला होता.

आणि इथून माझं खरं भांडण सुरू झालं.

ते रेकॉर्डिंग साइटवर चढवलं आणि फिरत ठेवलं. शेवट आला, पुन्हा सुरुवात झाली, आणि मध्ये फट. अर्धा सेकंदही नसेल. पण समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर! सातवी मात्रा, आठवी मात्रा, आणि जिथे 'धा' पडायचा तिथे पोकळी, मग उशिरा धा. बायको म्हणाली, मला तर काही कळत नाही. मला मात्र दुसरं काही ऐकूच येईना. तीस वर्षं टाळ हातात आहे, चुकलेली सम छातीत लागते. आप्पांना ऐकवलं तर त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. त्यांच्या हाताचं काम जगाला असं ऐकवायचं? समई तोंडावर वाकडी असेल तर आम्ही ती काउंटरवर ठेवत नाही.

प्लगइनवाल्यांना लिहिलं. उत्तर आलं, कॅशे (ब्राउझरने साठवलेल्या जुन्या प्रती) साफ करा. केली. पुन्हा लिहिलं, वेळेसकट, कितव्या सेकंदाला फट येते तेही सांगितलं. उत्तर आलं, दुसऱ्या ब्राउझरवर पाहा. पाहिलं. तिसऱ्यांदा लिहिल्यावर कळलं की 'सलग फेरा', म्हणजे फट न पडता पुन्हा सुरू होणं, ही सोय वरच्या प्लॅनमध्ये आहे, वर्षाला ७,९९९. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझे तीन आठवडे वाचले असते. त्या रात्री मी प्लगइनला एकच तारा (स्टार) देऊन मोकळा होणार होतो.

तो दिला नाही हे बरं झालं, कारण पुढे माझं मत थोडं बदललं. भाचा सुट्टीला आला तेव्हा त्याने नीट दाखवलं. फट मुळात एमपी३ ची आहे. एमपी३ आवाजाचे ठराविक तुकडे पाडतं, एकेक तुकडा १,१५२ नमुन्यांचा (आवाजाच्या मोजणीच्या ठिपक्यांचा), म्हणजे साधारण २६ मिलिसेकंदांचा. सुरुवातीला थोडी शांतता येतेच, आणि शेवटचा तुकडा भरत नसेल तर तो शांततेने भरला जातो. गाणं एकदाच ऐकायचं असेल तर ते कुणाला जाणवत नाही. फेरा धरला की सांध्यावर बोचतं, वर नवीन फेरा सुरू करायला ब्राउझर वेळ खातो तो वेगळाच. म्हणजे मी पहिल्या दोन पत्रांत त्यांच्यावर जे आरोप केले ते चुकीच्या जागी होते. त्याचा उपाय वरच्या प्लॅनमध्ये लपवून ठेवला, ही तक्रार मात्र कायम आहे.

उपाय मला इतका आवडला की तो सविस्तर लिहितो. रेकॉर्डिंग दहा आवर्तनांचं (ठेक्याच्या आठ-आठ मात्रांच्या दहा फेऱ्यांचं) ठेवायचं. ब्राउझरला सांगायचं की सगळा आवाज आधी उलगडून घे आणि मग अमुक सेकंदापासून तमुक सेकंदापर्यंतच फिरव. आम्ही ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या लाटा मोठ्या करून दुसऱ्या आवर्तनाचा धा कुठे उठतो ते शोधलं, मग दहाव्या आवर्तनाचा धा. मधली आठ आवर्तनं फिरतात, कडेची शांतता फेऱ्यात येतच नाही. थापेची आस (मागे घुमत राहणारा नाद) पुढच्या समेत मिसळते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सलग वीस मिनिटं ऐकत बसलो होतो. फाइल मोनो (एकाच वाहिनीची) केली, ६४ केबीपीएसवर (सेकंदाला ६४ किलोबिट), एका मिनिटाला जेमतेम अर्धा एमबी. पखवाजाला एवढं पुरतं, आणि गिऱ्हाइकाचा डेटा काही आपल्या मालकीचा नाही.

प्लगइनमधलं चांगलं काय तेही सांगतो. आवाज हळूहळू चढतो, दचकायला होत नाही. एका पानावरून दुसऱ्यावर गेलं तरी ठेका जिथे होता तिथूनच पुढे जातो. कुणी बंद केलं तर पुढच्या वेळीही बंदच राहतं. आयफोनवर मात्र त्यांची आवाजाची पट्टी सरकते आणि आवाज तसाच राहतो, कारण आयफोन त्या पद्धतीने आवाज बदलू देत नाही.

एक गोष्ट राहिली. आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, त्यांना दिसत नाही. फोन त्यांना पान वाचून दाखवतो. मार्चमध्ये ते दुकानात आले आणि म्हणाले, "दादा, साइटवर कुठेही बोट लावलं की तुमचा पखवाज सुरू होतो. मग फोन काय बोलतो ते कळत नाही, आणि बंद करायचं बटणही तोच बोलला तर सापडणार." वेब सुलभतेच्या नियमांत हे स्पष्ट आहे: आपोआप सुरू झालेला आवाज ३ सेकंदांहून जास्त चालणार असेल तर तो थांबवायची किंवा कमी करायची सोय हवी. आमची सोय पानाच्या अगदी तळाशी होती. त्याच संध्याकाळी आपोआप वाजणं बंद केलं. आता सर्वात वर एक बटण आहे, त्यावर 'पखवाज ऐका' लिहिलंय. दुसऱ्या दिवशी त्यांना फोन करून उघडायला सांगितलं. त्यांनी बटण दाबलं, पूर्ण एक फेरा ऐकला आणि विचारलं, टाळ कोण वाजवतंय?

३,४९९ भरले नाहीत. भाच्याने पन्नासेक ओळींत बटण, हळू चढणारा आवाज आणि सलग फेरा बसवून दिला. पानागणिक पुढे चालू राहणं अजून जमलेलं नाही, त्यासाठी प्लगइनची आठवण येते. ज्यांच्या घरी असा भाचा नाही आणि ज्यांचं संगीत तालाचं नाही, नुसती तानपुऱ्याची आस किंवा पाण्याचा आवाज आहे, त्यांनी खालचा प्लॅन खुशाल घ्यावा. ठेका असेल तर घेण्याआधी सलग फेऱ्याचं लेखी विचारा.

पुढच्या आठवड्यात मठारकामाचा आवाज घ्यायचा आहे, फक्त हंड्याच्या पानासाठी. कारागीर म्हणाले, सकाळी सातला या, तेव्हा गल्लीत गाड्या नसतात.