सुधारित ट्राममार्ग: नऊ महिने रोज वापरल्यानंतर

पहिल्या आठवड्यातच अभिप्राय लिहायला बसलो होतो. बरं झालं लिहिला नाही, नुसत्या शिव्याच लिहिल्या असत्या. थांबे हलले होते, मोटारवाले सवयीने रुळांवर घुसत होते आणि चालकांनाही कुठे थांबायचं ते नीट ठाऊक नव्हतं. आता नऊ महिने झाले. आठवड्यातले पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ हाच मार्ग वापरतो, म्हणून बोलायला हरकत नाही.

बदल काय झाले ते आधी सांगतो. मधल्या साडेतीन किलोमीटरवर रूळ खासगी गाड्यांना बंद झाले. सिग्नलवर ट्रामला प्राधान्य मिळालं. तिकीट आधीच काढायचं आणि कुठल्याही दाराने चढायचं, अशी सोय झाली. तेवीस थांब्यांतले सहा गेले. गाड्या मात्र त्याच आणि तेवढ्याच. एकही नवी गाडी आलेली नाही, हे लक्षात ठेवा.

पूर्वी घर ते कार्यालय या प्रवासाला कधी ३५ मिनिटं लागत, कधी तासभर. आता साधारण ३२ ते ४० लागतात. म्हणजे चांगल्या दिवशी फारतर तीन मिनिटं वाचली. वाईट दिवस मात्र जवळपास संपले. माझ्या दृष्टीने खरी कमाई हीच, कारण घरातून निघताना माणूस वाईट दिवसाचाच हिशेब धरून निघतो. मी पूर्वी वीस मिनिटं हातची राखायचो, आता आठ राखतो.

‘ट्राम जोरात पळवा की’ असं म्हणणारे बरेच भेटतात. दोन थांब्यांत ३०० मीटर अंतर असेल, तर ताशी ४० ऐवजी ५० किलोमीटरने गेल्यावर जेमतेम पाच सेकंद वाचतात. प्रत्यक्षात तेवढीही नाहीत, कारण वेग धरेपर्यंत ब्रेक लावायची वेळ येते. एक लाल सिग्नल मिनिटभर खातो. पुढच्या दाराशी एकेकाने सुटे पैसे मोजत चढणं तर त्याहून वाईट. सॅन फ्रान्सिस्कोने २०१२ मध्ये सगळ्या मार्गांवर सगळ्या दारांनी चढायची मुभा दिली, ती याच कारणाने. आमच्या गर्दीच्या थांब्यावर पूर्वी दारं बंद होईपर्यंत माझा एक फोन आटपायचा. आता ‘हॅलो’ म्हणेस्तोवर गाडी हलते. तिकीट तपासनीस अधूनमधून येतात. फुकटे आहेत, पण ते पूर्वीही होते.

सिग्नलचं प्राधान्य सुरुवातीला फसलं होतं आणि त्याचं कारण मजेशीर आहे. थांबे चौकाच्या अलीकडे होते. गाडी जवळ आली की सिग्नल इमानेइतबारे हिरवा व्हायचा. त्याच वेळी गाडी थांब्यावर दारं उघडून उभी. दारं बंद होईपर्यंत हिरवा संपलेला! पाचव्या महिन्यात बहुतेक थांबे चौकाच्या पलीकडे नेले आणि एका रात्रीत फरक पडला. गाडी आधी हिरव्यावर चौक ओलांडते, मग निवांत माणसं चढवते. एवढी साधी गोष्ट आधी कशी सुचली नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

आता मूळ दुखणं. सहा मिनिटांनी एक गाडी असं फलकावर लिहिलेलं असायचं, पण अकरा मिनिटं काहीच नाही आणि मग दोन गाड्या पाठोपाठ. हे चालकांच्या आळसाने होत नाही. एखादी गाडी जरा मागे पडली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं साठतात, त्यांना चढायला वेळ लागतो, ती आणखी मागे पडते. मागची गाडी रिकामी धावत येऊन तिला गाठते. गणित पाहा: गाड्या नेमक्या सहा मिनिटांनी आल्या तर सरासरी तीन मिनिटं थांबावं लागतं. अकरा आणि एक अशा आल्या तर पाचांहून जास्त, कारण बहुतेक माणसं मोठ्या खंडातच थांब्यावर पोचलेली असतात. गाड्या तेवढ्याच, खर्च तेवढाच, ताटकळणं दीडपटीहून जास्त.

यावर उपाय म्हणून, दोन गाड्यांतलं अंतर सारखं राहावं यासाठी, काही थांब्यांवर गाडी मुद्दाम मिनिटभर रोखतात. दार उघडं, रस्ता मोकळा, चालक शांत आणि आत बसलेले आपण दात खात. पहिले दोन महिने मला याचा भयंकर राग यायचा. पुढच्या थांब्यांवर उभं राहणाऱ्यांना याचा फायदा होतो हे परतीच्या प्रवासात कळलं, कारण तिथे उभा राहणारा मीच असतो.

रद्द झालेल्या थांब्यांबद्दल माझं मत अजून डळमळीत आहे. मला तीनशे पावलं जास्त चालावी लागतात, त्याचं काही नाही. पण गुडघे धरून चालणाऱ्या एक आजी पूर्वी रोज दिसायच्या, त्या आता दिसत नाहीत. हा तोटा वेळेच्या कुठल्याच तक्त्यात येत नाही.

मोटारींना रस्ता बंद केल्यावर ओरड होणार, हे ठरलेलंच. टोरांटोत किंग स्ट्रीटवर नोव्हेंबर २०१७ मध्ये असा प्रयोग सुरू झाला, तेव्हा दुकानदार खवळले होते. तरी २०१९ मध्ये तो कायम झाला. झुरिकमध्ये मतदारांनी १९७३ मध्ये भुयारी रेल्वे नाकारली आणि १९७७ मध्ये ट्राम-बस वेगवान करायला २० कोटी फ्रँक मंजूर केले. नियम आहे आणि अंमल नाही, असं मात्र चालत नाही. आमच्याकडे ‘दोनच मिनिटं’ म्हणत इंडिकेटर लावून रुळांवर उभा राहिलेला एक टेम्पो आठवड्यातून एकदा तरी भेटतोच. बस त्याला वळसा घालून जाईल, ट्राम कुठून जाणार? मागे चार गाड्यांची रांग लागते आणि मग अर्धा तास सगळं वेळापत्रक कोलमडलेलं.

ॲपवरही भरवसा ठेवू नका. उशीर झालेली गाडी अर्ध्या वाटेतून परत फिरवली, तरी ॲपमध्ये ती येतच असते.

आणि पुलापलीकडचा शेवटचा दीड किलोमीटर तसाच राहिलाय, मोटारींच्या रांगेत. काल संध्याकाळी तिथे अडकलो, चालकाला दार उघडायला सांगितलं आणि उतरून चालत निघालो. घरी पोचलो तेव्हा ट्राम अजून वळणावरच होती.