गोरिला पाहायला रवांडा की युगांडा?

परमिटचा आकडा पाहूनच बरेच जण निर्णय घेऊन मोकळे होतात. रवांडाच्या व्होल्कॅनोज उद्यानात १,५०० डॉलर, युगांडाच्या ब्विंडीत जुलै २०२४ पासून ८०० डॉलर. गोरिलांजवळ मात्र दोन्हीकडे एकच तास मिळतो, आणि गटात पर्यटक आठच. रवांडातले जादा ७०० डॉलर जातात ते प्रवासाचे तास आणि गुडघे वाचवायला.

रवांडाची राजधानी किगालीहून उद्यानाजवळच्या मुसांझेला पक्क्या रस्त्याने अडीच-तीन तास लागतात. युगांडाच्या एन्टेबे विमानतळाहून ब्विंडी आठ-दहा तास, शेवटचा टप्पा कच्च्या घाटाचा. रवांडात किनिगीच्या उद्यान मुख्यालयात सकाळी सातला गट पाडतात. गुडघेदुखी तेव्हाच सांगितली तर शक्यतो जवळचं गोरिला कुटुंब देतात. ब्विंडीत परमिट विभागाप्रमाणे मिळतं: बुहोमा, रुहिजा, रुशागा, न्कुरिंगो. घोळ होतो तो इथेच. परमिट रुशागाचं आणि मुक्काम बुहोमाला! नकाशात जंगल एकच, पण मधला घाटरस्ता काही तासांचा. परमिट हातात पडल्याशिवाय लॉज ठरवू नका.

माग काढणारे पहाटेच निघतात. आदल्या रात्रीची घरटी गाठायची, तिथून मोडलेले देठ आणि ताजी विष्ठा पाहत पुढे जायचं, कळप दिसला की वायरलेसवर गाइडला कळवायचं. त्यामुळे चाल तासाभराची की पाच तासांची, हे आदल्या दिवशी कुणीच सांगू शकत नाही. हमाल दोन्हीकडे मिळतो. घ्याच, चिखलाच्या चढावर तो हात धरून वर ओढतो.

फोटोंसाठी ब्विंडी अवघड. झाडी दाट, उजेड कमी, फ्लॅशला बंदी. कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची क्षमता, चढवावाच लागतो. रवांडाच्या बांबूत जरा मोकळं दिसतं, पण तिथली चुरचुरणारी झुडपं अशी की आपली खाजकुयली परवडली. जाड पँट, बागकामाचे हातमोजे हवेतच. फोटोच महत्त्वाचे असतील तर रुशागातला चार तासांचा, चारच जणांचा कार्यक्रम बघा. तिथलं कुटुंब अजून माणसाला सरावतंय, म्हणून चाल जास्त पडते.

मधला मार्गही आहे: उतरायचं किगालीला, सियानिका सीमेवरून युगांडातल्या किसोरोमार्गे रुशागा गाठायचं. पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा दोन्ही देशांना चालतो. पीतज्वराची लस निघण्याआधी किमान १० दिवस घ्या. दाखला नसेल तर परतल्यावर भारतात सहा दिवस विलगीकरणात काढावे लागू शकतात. आणि रवांडाला जाताना बॅगेतल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घरीच काढून ठेवा, तिथे त्यांना बंदी आहे.

सर्दी-खोकला असेल तर दोन्हीकडे जंगलात सोडत नाहीत. आपली सर्दी गोरिलांना होते, आणि त्यांच्या जिवावर बेतू शकते.