‘आउस्ट’ सापडला, ‘आउस्टी’ नाही: एका शब्दकोश ॲपचा वर्षभराचा अनुभव

तळोदा तालुक्यातील पुनर्वसन वसाहतींमधल्या लोकांना इंग्रजी कागद मराठीत समजावून सांगण्याचे काम मी करतो. त्यासाठी वर्षापूर्वी 299 रुपये वर्गणी भरून हे इंग्रजी-मराठी शब्दकोश ॲप घेतले. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील 33 गावे बाधित झाली आणि त्यांच्या कागदांत ‘आउस्टी’ (oustee, म्हणजे विस्थापित व्यक्ती) हा शब्द पदोपदी येतो, म्हणून कोणताही शब्दकोश मी आधी ‘आउस्ट’ (oust, म्हणजे हुसकावून लावणे) या शब्दावर तपासतो.

व्युत्पत्तीच्या बाबतीत ॲपने मन भरून दिले. वाटेत आडवे उभे राहणे या अर्थाचे लॅटिन ‘ओब्स्तारे’, त्यातून काढून टाकणे या अर्थाचे जुन्या फ्रेंचमधील ‘ओस्तेर’, आणि इंग्लंडमधील कायद्याच्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत येताना स्थिरावलेला ताबा हिरावून घेण्याचा अर्थ, असा सारा प्रवास तेथे नीट मांडला आहे. ‘ऑब्स्टॅकल’ हाही त्याच घरातला. लॅटिन ‘स्तारे’ आणि संस्कृत ‘स्था’ मुळात एकच असल्याची टीप वाचताना मी थबकलो, कारण आपल्या ‘विस्थापित’ शब्दातही तोच धातू उभा आहे.

अर्थ देताना मात्र ॲप तोकडे पडते. ‘आउस्ट’पुढे केवळ ‘पदावरून हकालपट्टी करणे’ एवढेच आहे आणि ‘आउस्टी’ची नोंदच नाही. मध्यंतरी एक गृहस्थ घडीवर विरलेला कागद घेऊन आले आणि त्या शब्दावर अंगठा ठेवून म्हणाले, “भाऊ, बापाच्या नावे जमीन नव्हती, तो सुतारकाम करायचा, मग हे आमच्यासाठी आहे का?” ॲपमधील अर्थाने त्यांना काहीच सांगता आले नसते. नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाच्या 1979 च्या निवाड्यातील ‘आउस्टी’च्या व्याख्येत मात्र, भूसंपादन कायद्याच्या कलम 4 खालील अधिसूचनेच्या किमान एक वर्ष आधीपासून बुडीत क्षेत्रात राहणारे, जमीन कसणारे, तसेच तेथे व्यवसाय किंवा मजुरी करणारेही येतात. ती व्याख्या मी त्यांना दोनदा वाचून दाखवली.

इंटरनेटशिवाय ॲप उघडत नाही, त्यामुळे धडगावच्या डोंगरात ते निरुपयोगी ठरते. शब्दांची कुळे शोधणाऱ्यांनी ते जरूर घ्यावे. कायद्याच्या कागदांसाठी त्यावर विसंबू नये. माझ्याकडून पाचपैकी तीन गुण. ‘आउस्टी’ची नोंद व्याख्येसह लिहून मी निर्मात्यांकडे पाठवली आहे, आणि ती यावी या आशेने वर्गणीही पुन्हा भरली आहे.