आनुवंशिक जनुकीय चाचणी, काही महिन्यांनंतर: अहवाल चोख, पाठपुरावा शून्य

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर डॉक्टरांनी सुचवलेली आनुवंशिक जनुकीय चाचणी मी करून घेतली, त्याला आता बरेच महिने झाले आहेत. ही चाचणी गाठीच्या नमुन्यावर होत नाही, ती जन्मतः मिळालेल्या जनुकांची असते, आणि सदोष जनुक आईइतकेच वडिलांकडूनही येऊ शकते, एवढे वाचकांना ठाऊक आहे असे धरून पुढचे लिहिते.

आधी निवडीविषयी. केवळ बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2 (स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाशी जोडलेली दोन जनुके) तपासणारी चाचणी आणि कित्येक जनुकांचे मोठे पॅनेल यांच्या किमतीत फारसे अंतर नव्हते. दर जनुकामागे काय पडते याचा हिशेब करून मी मोठे पॅनेल घेतले. (असा भाव काढणारी मी एकटीच नसावी.) मात्र जितकी जास्त जनुके तपासली जातात, तितकी अर्थ न लागणारा एखादा बदल सापडण्याची शक्यताही वाढते, ही गोष्ट पॅनेलच्या माहितीपत्रकात ठळकपणे छापलेली नव्हती.

मुख्य प्रश्नाचे उत्तर चाचणीने नीट दिले. दोन्ही बीआरसीए जनुकांत रोगकारक बदल आढळला नाही, आणि जनुकाचा मोठा तुकडा गळाला आहे किंवा दुप्पट झाला आहे का, हेही तपासले गेले होते, जे निवडक बदलच पाहणाऱ्या घरगुती किटमध्ये होत नाही. या उत्तराचे मोल मोठे आहे. बीआरसीए-1 मध्ये रोगकारक बदल असलेल्या स्त्रीला वयाच्या 80 वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे 72 टक्के असल्याचे 2017 च्या मोठ्या अभ्यासात दिसले होते, आणि अंडाशयाच्या कर्करोगाची शक्यता सुमारे 44 टक्के. दुसरा स्तनही काढावा का, ही चर्चा माझ्या बाबतीत या एका पानामुळे लवकर संपली. ओलापॅरिब हे औषधही 2021 पासून मुख्यतः बीआरसीए बदल असलेल्या आणि आजार परतण्याचा धोका जास्त असलेल्या रुग्णांसाठी चर्चेत आले असल्याने तो विषयही मिटला.

तक्रार दुसऱ्या पानाविषयी आहे. तिथे एटीएम या जनुकात ‘अनिश्चित महत्त्वाचा बदल’, म्हणजे सगळे ज्याला व्हीयूएस म्हणतात तो, नोंदवलेला होता. एटीएममधील रोगकारक बदलाने स्तनाच्या कर्करोगाचा आयुष्यभराचा धोका साधारण 20 ते 30 टक्क्यांपर्यंत जातो, हे वाचल्यावर ‘अनिश्चित’ हा शब्द डोळ्यांसमोरून हलेना. माझी धाकटी बहीण तोच एक बदल तपासून घ्यायला निघाली होती. असे अहवाल समजावून सांगणाऱ्या जनुकीय समुपदेशकांनी तिला थांबवले, कारण व्हीयूएसच्या आधारे उपचार ठरवायचे नसतात आणि धोका आहे की नाही हे कळण्यासाठी नातेवाइकांची त्यावरून चाचणीही करायची नसते. तिची तपासणी घराण्यातील आजाराच्या इतिहासावरून ठरवावी. त्या काळात कोणी विचारले असते तर पैसे देऊन संभ्रम विकत घेतला, असेच मी सांगितले असते.

ते मत आता बदलले आहे. जनुकीय बदलांच्या वर्गीकरणासाठी अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थांनी केलेल्या 2015 च्या नियमावलीनुसार बदलांचे पाच वर्ग पाडले जातात, आणि ‘बहुधा रोगकारक’ किंवा ‘बहुधा निरुपद्रवी’ म्हणण्यासाठीही 90 टक्क्यांहून अधिक खात्री लागते. पुरावा तेवढा नसेल तर ‘माहीत नाही’ असे लिहिणे हा प्रामाणिकपणा आहे. शिवाय पुढे ज्या व्हीयूएसचे पुनर्वर्गीकरण होते, त्यांतील बहुतेक निरुपद्रवी गटातच जातात. त्यामुळे व्हीयूएससाठी कापलेले गुण मी परत देते.

तेच गुण आता दुसरीकडे कापायचे आहेत. अलीकडच्या भेटीत नव्या समुपदेशकांनी माझा बदल क्लिनव्हार या खुल्या माहितीसंग्रहात शोधला. प्रयोगशाळा तिथे आपापली वर्गीकरणे तारखेसह जमा करतात. ज्या प्रयोगशाळेने माझा अहवाल दिला, तिनेच तो बदल मध्यंतरी ‘बहुधा निरुपद्रवी’ ठरवला होता, आणि मला कोणी कळवले नव्हते. हेल्पलाइनवर उत्तर मिळाले की सुधारित अहवाल चाचणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या ईमेलवर पाठवला जातो. ते डॉक्टर दरम्यान दुसऱ्या रुग्णालयात गेले होते. रुग्णाला थेट कळवण्याची सोय नाही, असेही मला सांगण्यात आले. आणि इतर चाचण्यांवरील सवलतीचे संदेश मात्र त्याच प्रयोगशाळेकडून माझ्याच पत्त्यावर नेमाने येत होते. हे निदर्शनास आणून दिल्यावर पलीकडून ‘तो विभाग वेगळा आहे’ असे उत्तर आले. सुधारित प्रत मिळवण्यासाठी पुन्हा नव्या डॉक्टरांची सही असलेला अर्ज करावा लागला.

बहिणीने ते सगळे महिने जी काळजी वागवली, तिचा काही भाग एका ईमेलने टळला असता.

म्हणून तपासणीच्या दर्जाला पाचपैकी साडेचार गुण, पाठपुराव्याला एक, आणि तोही अर्ज केल्यावर प्रत लवकर आली म्हणून. नमुना देण्याआधी संमतीपत्रकातील पुनर्वर्गीकरणाचे कलम वाचावे आणि सुधारित अहवाल स्वतःच्या ईमेलवरही येईल, असे तिथे लिहून घ्यावे. नकार मिळाला तर दुसरी प्रयोगशाळा पाहावी, आणि ते शक्य नसेल तर दरवर्षीच्या तपासणीला जाताना व्हीयूएसची सद्यस्थिती आपणच विचारावी.