सराफी पेढीवरचं बत्तीस बोअर: ‘प्रबल’ आणि जुनं कानपुरी रिव्हॉल्व्हर, लश्करच्या दुकानाच्या मापाने

परवान्याचं हत्यार ही ग्वाल्हेर-चंबळ भागात नवलाची गोष्ट नाही. बँकेच्या दारात दुनाळी बंदूक, वरातीत खांद्यावर दुनाळी, आणि ग्वाल्हेरच्या लश्कर या भागातल्या सराफ्यात गल्ल्याखाली बत्तीस बोअर, म्हणजे .३२ इंच मापाचं रिव्हॉल्व्हर. ते घेताना नळी किती, पल्ला किती, भाव किती हे सगळे विचारतात. लूट पडली तर ते बाहेर कधी काढायचं, हे मात्र दुकानदार विचारत नाही आणि विकणाराही सांगत नाही. म्हणून इथे यंत्राइतकीच जागा त्या निर्णयालाही दिली आहे.

निकाल आधीच सांगतो. यंत्र म्हणून नव्या ‘प्रबल’ रिव्हॉल्व्हरला पाचपैकी चार, जुन्या मोडत्या (नळी खाली मोडून उघडायच्या) रिव्हॉल्व्हरला तीन. माल वाचवायचं साधन म्हणून दोघांनाही एक. जीव वाचवायचं शेवटचं साधन म्हणून साडेतीन, तेही हात सरावाचा असेल तर.

दोन्ही हत्यारं कानपूरची. जुनं बत्तीस बोअर वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या घराण्याचं: वरची कडी दाबली की नळी खाली मोडते आणि काडतुसं भरायच्या चक्रीची सहाही घरं उघडी पडतात. ‘प्रबल’ ऑगस्ट २०२३ मध्ये बाजारात आलं. त्याची चक्री बाजूला बाहेर येते, नळी मोडावी लागत नाही. नळी ७६ मिलिमीटर, एकूण लांबी पावणेअठरा सेंटिमीटरच्या आसपास, वजन सुमारे ७०० ग्रॅम. पल्ला ५० मीटर सांगतात. तो खरा असला तरी पेढीवर त्याचा उपयोग नाही, कारण गादी आणि गिऱ्हाईक यांच्यात एक-दोन मीटरच असतात.

मोडत्या रिव्हॉल्व्हरची एक खोड माहीत असावी. ते पूर्ण उघडलं की रिकाम्या टरफलांबरोबर न उडालेली काडतुसंही वर उचलली जातात आणि गडबडीत मांडीवर सांडतात. ‘प्रबल’मध्ये चक्री बाहेर काढून टरफलं ढकलणारी दांडी हाताने दाबल्याशिवाय काही पडत नाही. घाबरलेल्या माणसासाठी हेच बरं. दोन्हींत चक्री आणि नळी यांच्यात बारीक फट असते आणि बार उडताना तिथून तापलेला वायू आणि शिशाचे कण बाजूला फेकले जातात. आधाराच्या हाताचं बोट त्या फटीपुढे गेलं तर भाजतं, कापतंही. मूठ घट्ट, दुसरा हात मुठीवरच, नळीखाली नाही.

घोड्याबद्दल, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या मागच्या खटक्याबद्दल, विशेष सांगायला हवं. घोडा मागे न ओढता नुसता चाप दाबला तर ओढ लांब आणि जड लागते, आणि नेम हलतो अशी तक्रार लोक करतात. म्हणून आधी घोडा चढवून ठेवायची सवय लागते. दुकानात ही सवय घातक आहे. घोडा चढला की चाप इतका हलका होतो की थरथरत्या हाताच्या जराशा दाबाने बार उडतो. समोरच्याने हत्यार टाकलं, हात वर केले आणि त्याच क्षणी गोळी सुटली, तर पुढची काही वर्षं कोर्टात जातात. जड ओढ ही इथे तुमच्या बाजूची गोष्ट आहे. रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर, डमी काडतुसं घालून, भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे धरून रोज वीस वेळा तीच लांब ओढ ओढा. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, ठिपक्यावरून हलता कामा नये.

काडतुसाची ताकद बेताची. गोळी साडेसहा ग्रॅमच्या आत-बाहेर, वेग सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आसपास. धक्का कमी बसतो, साठीतले काकाही चालवू शकतात. पण एक गोळी लागली की माणूस जागेवर कोसळतो, ही समजूत सोडून द्यावी. लागलेला माणूसही काही सेकंद हातातलं हत्यार चालवू शकतो. त्याच्याकडे देशी कट्टा असेल तर तो बहुधा ३१५ बोअरचा किंवा बारा बोअरचा असतो. ३१५ हे रायफलचं काडतूस आहे, तुमच्या बत्तीसपेक्षा कितीतरी जोरदार. कट्टा एकबारी असतो, धड बनलेला नसतो, पण तेवढ्यामुळे तो खेळणं ठरत नाही. उलट धक्क्यानेही सुटू शकतो.

काडतुसं परवान्यातल्या मर्यादेत मिळतात, त्यामुळे लोक तीच दहा-दहा वर्षं चक्रीत ठेवतात. घामाने पितळ हिरवं पडतं आणि सढळ हाताने घातलेलं तेल टोपीत झिरपून बार फुसका जातो. दोनेक वर्षांनी जुनी काडतुसं रेंजवर उडवून संपवा, नवी भरा. प्रत्यक्ष प्रसंगात काडतूस उडालं नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर येतं. रिव्हॉल्व्हरची पिस्तुलावरची खरी सरशी इथेच आहे. सरावात मात्र न उडालेलं काडतूस असेल तर नळी सुरक्षित दिशेला धरून तीस सेकंद थांबायचं. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर तिथेच थांबून नळी तपासायची. गोळी आत अडकलेली असू शकते आणि पुढचा बार नळी फोडतो.

आता बैठक. पेढीवर मांडी घालून बसणाऱ्याचं कमरेच्या उजव्या बाजूचं म्यान पोट, कुर्ता आणि मांडी यांच्यात अडकतं. डाव्या बाजूला, मूठ उजव्या हाताकडे वळलेली, असं लावलं तर बसल्या जागी हात पोचतो. गल्ल्याच्या कुलपातलं हत्यार तर मोजूच नये, कारण गल्ला हीच जागा लुटारू आधी ताब्यात घेतो. म्यानातून काढून नेम धरायला सराव असलेल्यालाही दीड-दोन सेकंद लागतात. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये लिहिलं होतं की सुरा घेतलेला माणूस २१ फूट साधारण दीड सेकंदात ओलांडतो. तुमच्या पेढीवर २१ फूट आहेत का? आणि ज्याचं हत्यार आधीच तुमच्यावर रोखलेलं आहे, त्याला फक्त बोट दाबायचं असतं. त्याच्यापुढे म्यानाकडे हात नेणं म्हणजे त्याला गोळी झाडायचं कारण देणं.

दुकान बंद असताना गादीवर बसून एक काम करा. लुटारू जिथे जिथे उभा राहू शकतो त्या प्रत्येक जागेमागे काय आहे ते पाहा. दाराच्या दिशेला रस्ता, सहालगीच्या, म्हणजे लग्नसराईच्या, दिवसांत बायका-मुलांनी भरलेला. बाजूला काचेचं कपाट किंवा प्लायवूडची फळी, जिच्यातून बत्तीसची गोळी आरपार जाऊन शेजारच्या दुकानात निघते. जुनी दगडी भिंत असेल तर तिरकी लागलेली गोळी भिंतीलगत घसरत जाते. सहसा एखादा कोपराच असा निघतो जिथे चुकलेली गोळी कुणाला लागणार नाही. तो ध्यानात ठेवा. बाकी सगळ्या दिशा बंद, असं आधीच ठरवा.

निर्णयाचा भाग इथून. हत्यार रोखलेलं आहे, माल मागतो आहे, मारत नाही: हात दिसतील असे ठेवा, ट्रे पुढे सरकवा, हळू बोला. ‘ज्वेलर्स ब्लॉक’ विमा याच दिवसासाठी असतो, फक्त स्टॉक रजिस्टर रोजचं भरलेलं हवं आणि एफआयआर लगेच व्हायला हवी. माल घेऊन पाठ फिरवली, पळाला: गोळी नाही, पाठलाग नाही. चाकू चालवायला सुरुवात केली, पेट्रोल ओतलं, माणसांना मागच्या खोलीत नेऊन बांधू लागला, मुनीमजींच्या डोक्याला कट्टा लावून आकडे मोजू लागला: इथे चित्र पालटतं. समोरच्याकडे जीव घेण्याचं साधन आहे, ते पोचतं आहे, आणि तो ते आत्ता चालवणार असं वाटण्यासारखी कृती घडते आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच रिव्हॉल्व्हर. त्यातही त्याचं लक्ष किंवा नळी क्षणभर दुसरीकडे वळेपर्यंत थांबणं बहुतेक वेळा शहाणपणाचं.

कायदाही जवळजवळ याच रेषेवर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाची कलमं ३४ ते ४४ आहेत. कलम ४१ प्रमाणे मालमत्तेच्या बचावात हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंतचा हक्क जबरी चोरीत मिळतो, म्हणून अनेकांना वाटतं की गोळी झाडायची मोकळीक आहे. त्यांनी कलम ४३ वाचावं. जबरी चोरीत हा हक्क मृत्यू, दुखापत किंवा अडवणूक यांची तत्काळ भीती टिकून असेपर्यंतच टिकतो. लुटारू रस्त्यावर पोचून पळू लागला की भीती संपली. कलम ३७ म्हणतं, बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा नाही. बचाव होता हे सिद्ध करायची जबाबदारी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ ने तुमच्यावर येते, म्हणून दुकानातला कॅमेरा गादीकडेही वळलेला असावा. तुम्ही का थांबलात आणि कधी झाडलीत, हे त्यातच दिसतं.

दारावर दुनाळीवाला रक्षक ठेवणं हा दुसरा मार्ग, आणि आमच्या मते कमकुवत. स्टुलावर एकाच जागी बसलेला माणूस पहिला मार खातो, मग त्याचीच दुनाळी आत येते. छर्रे पसरतात म्हणून नेम धरावा लागत नाही, हेही खरं नाही. तीन मीटरवर ते मुठीएवढ्या जागेत जातात. मालकाच्या परवान्याचं हत्यार, ज्याचं नाव परवान्यावर नाही अशा मुनीमजीच्या किंवा पुतण्याच्या हाती देणं तर गुन्हाच.

त्यापेक्षा घरच्या आणि दुकानच्या माणसांशी एक वाक्य ठरवा. “दादा, पुण्याचं पार्सल आलं का?” एवढं कानावर पडलं की आतल्याने गल्ल्याकडे धावायचं नाही, मागच्या खोलीत जाऊन दार लावायचं आणि ११२ लावायचा. फोनवर दुकानाचा पत्ता, किती लुटारू, कोणती हत्यारं, आणि हे न विसरता: “आत मालकाकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे, पांढरा कुर्ता, चष्मा.” पोलिस आत येताना रिव्हॉल्व्हर हातात नको. गादीवर ठेवा, दोन पावलं बाजूला व्हा, तळवे दाखवा. गोळी झाडली असेल तर चक्री उघडू नका. टरफलं आतच राहतात, कोणत्या घरातून बार उडाला हे त्यावरूनच कळतं.

हत्यार जप्त होतं, न्यायवैद्यक तपासणीला जातं आणि लवकर परत येत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की तसंही अनेकदा ठाण्यात जमा करावं लागतं. म्हणून रिव्हॉल्व्हरचे पैसे बाजूला काढताना आधी दुहेरी दाराचा खर्च धरा: बाहेरचं दार लागल्याशिवाय आतलं उघडणार नाही, बटण गादीखाली, चुंबकी कुलूप किमान २८० किलोच्या ओढीचं, आणि वीज गेली किंवा आग लागली तर आपोआप उघडणारं. चेहरा झाकलेला माणूस दोन दारांच्या मध्ये थांबवता येतो. तिथे असताना त्याच्याशी काचेतून बोलता येतं.